गव्हाचे वैर आणि रक्ताची साक्ष

मुंबईहून चेन्नईकडे जाणारी आगगाडी अरक्कोणम मागे टाकून शहराजवळ येऊ लागली, की वाटेत अंबत्तूर लागते. १८५६ साली रायपुरमपासून वालाजा रोडपर्यंत दक्षिणेतला पहिला लोहमार्ग सुरू झाला, त्याच मार्गावरचे हे गाव. पुढे १८७१ साली मुंबईकडून आलेले रूळ रायचूरला मद्रासच्या रुळांना मिळाले आणि या तळ्याकाठच्या भातशेतीच्या गावाचा महाराष्ट्राशी लोखंडी धागा जुळला. १९४९ साली येथे सायकलींचा कारखाना निघाला, १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. कारखान्यांमागून माणसे आली. प्रथम आसपासच्या जिल्ह्यांतली आली, मग बिहार, ओरिसा, उत्तर प्रदेश इथली. आज एकाच गल्लीत एका घरी इडलीचे पात्र वाफाळत असते आणि शेजारच्या खोलीत तव्यावर गव्हाची रोटी फुगत असते. तांदूळ आणि गहू या दोन धान्यांचे असे शेजारधर्माचे नाते जेथे जुळले आहे, तेथे एका विचित्र रोगाचा विचार करणे उद्‌बोधक ठरते. या रोगाचे वैर केवळ गव्हाशी आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांशी आहे.

या रोगाचे नाव सीलिअ‍ॅक. त्याची वार्ता घरात येते ती बहुधा एका कागदाच्या रूपाने. एखाद्याचे पोट वारंवार बिघडते, लोहाच्या गोळ्या घेऊनही अंगी रक्त चढत नाही, किंवा एखादे मूल वयाच्या मानाने खुजे राहते. म्हणून डॉक्टर रक्त तपासून घ्यायला सांगतात. हाती येणाऱ्या कागदावर ‘टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आय.जी.ए.’ असे जिभेला न वळणारे नाव असते, पुढे एक आकडा असतो आणि त्याशेजारी निरोगी माणसाची मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेपलीकडे गेला की घरात घबराट होते. अलीकडे राहिला की सुटकेचा निःश्वास टाकला जातो. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजायचे तर तो कागदावर कसा येऊन बसला याचा इतिहास पाहिला पाहिजे.

पोटात गेलेले अन्न अंगी न लागता तसेच निघून जाणे ही व्याधी माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी ग्रहणी नावाच्या अवयवाचे आणि त्याच्या विकारांचे वर्णन केले. अन्न धरून ठेवणारी ती ग्रहणी, आणि ती दुर्बळ झाली की अन्न न पचता खाली उतरते, असा त्यांचा विचार. ग्रहणीच्या रोग्याला ताक द्यावे ही परंपरा तेव्हापासूनची. इकडे ग्रीक जगात कॅपाडोशियाच्या अरेटीअस या वैद्याने अशाच जुनाट रोगाचे वर्णन केले आणि पोटाला ग्रीक भाषेत जो ‘कोइलिया’ असा शब्द आहे, त्यावरून त्याला नाव दिले. त्या शब्दाचा अपभ्रंश म्हणजे आजचे सीलिअ‍ॅक. अरेटीअसचे किंवा आपल्या आचार्यांचे सर्व रोगी आजच्या अर्थाने सीलिअ‍ॅकचेच होते असे मात्र समजू नये. वाट चुकलेल्या अन्नाला कारणे अनेक असतात, आणि त्या काळी लक्षण हाच रोग होता.

आधुनिक कथेचा आरंभ ५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनमध्ये झाला. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल जी या डॉक्टरांनी व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. एक ते पाच वर्षांच्या वयाची मुले कशी सुकत जातात, त्यांचे पोट कसे फुगते, मळ कसा फिकट आणि विपुल होतो, हे त्यांनी बारकाईने टिपले. हा रोग बरा झालाच तर आहारानेच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. हॉलंडहून येणारे शिंपले खाऊन एक मूल सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा ढासळले, अशी नोंदही त्यांनी केली. एवढी सूक्ष्म दृष्टी असलेल्या या माणसाने भाजलेल्या पावाचे पातळ काप द्यायला मात्र हरकत घेतली नाही. शत्रू ताटातच होता, पण तो ओळखू आला नाही. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्याने मुले सुधारत. गुण मात्र केळ्यांचा नव्हता, त्या आहारातून वगळलेल्या पावाचा होता.

तो शत्रू ओळखला विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. गव्हाविषयीचा संशय त्याच्या मनात युद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. अशा दुर्भिक्षात सीलिअ‍ॅकच्या मुलांची प्रकृती बिघडली नाही आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती खालावली, हे डिकेच्या ध्यानात आले. तो केवळ अनुमानावर थांबला नाही. व्हान डे कामर या रसायनतज्ज्ञाने मळातील स्निग्धांश मोजण्याची रीत बसवली होती. तिच्या साहाय्याने गहू दिला असता किती स्निग्ध पदार्थ वाया जातो आणि गहू काढला असता तो किती घटतो, हे आकड्यांनी दाखवता आले. १९५० साली डिकेने आपला प्रबंध उत्रेख्त येथे सादर केला. दोन वर्षांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवून दिले, की दोष गव्हातील पिष्टाचा नसून ग्लुटेन या चिवट प्रथिनाचा आहे. कणीक मळली की तिला जो ताण येतो तो याच प्रथिनाचा. ते गव्हात आहे. जव आणि राय या धान्यांतही त्याच्या जातीची प्रथिने आहेत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांत तसली प्रथिने नाहीत.

कारण कळले, तरी रोग ओळखायचा कसा हा प्रश्न उरलाच. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक अंकुर असतात आणि त्यांच्यातून अन्नरस शोषला जातो. हे अंकुर या रोगात झिजून सपाट होतात, असे १९५४ साली पॉली या इंग्रज डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या नमुन्यांत दिसून आले. १९५६ साली मार्गट शायनर या विदुषीने तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी क्रॉस्बी यांची कुपी आली. नळीला बांधलेली ही छोटी कुपी रोग्याने गिळायची. ती आतड्यात पोहोचली की हवा ओढून घ्यायची, म्हणजे आतले पाते अस्तराचा चिमूटभर तुकडा कापून घेई. सपाट झालेले अंकुर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा बराच काळ या रोगाचा सर्वांत भक्कम पुरावा मानला गेला.

परंतु हा पुरावा दक्षिण भारतात आला आणि संदिग्ध झाला. अंबत्तूरच्या पश्चिमेला असलेल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी साठीच्या दशकात उष्ण कटिबंधातील संग्रहणीचा दीर्घ अभ्यास केला. त्या भागात या संग्रहणीच्या साथीच येत. तिच्यातही अंकुर झिजत. पण तिला गहू वर्ज्य करून गुण येत नसे, फॉलिक आम्लाने आणि जंतुनाशक औषधांनी येई. शिवाय या प्रदेशातील निरोगी माणसांचे अंकुरही पाश्चात्त्य देशांतील माणसांच्या अंकुरांपेक्षा आखूड असतात असे आढळले. अस्वच्छ पाण्यातून येणाऱ्या जंतूंचा तो परिणाम मानला जातो. म्हणजे लंडनमध्ये जे चित्र सीलिअ‍ॅककडे बोट दाखवी, तेच वेल्लोरमध्ये दुसऱ्याच कशाकडे दाखवू शके. आतड्याच्या साक्षीला दुसऱ्या साक्षीदाराची जोड हवी होती. तो साक्षीदार रक्तात सापडला.

शरीराला एखादा पदार्थ परका वाटला की त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्गर यांना सीलिअ‍ॅकच्या रोग्यांच्या रक्तात ग्लुटेनच्याच एका घटकाविरुद्ध, ग्लायडिनविरुद्ध, प्रतिपिंडे दिसली. ही पहिली रक्तपरीक्षा. पण ती बोलघेवड्या साक्षीदारासारखी होती. पुष्कळ निरोगी माणसांवरही ती बोट ठेवी. आज ती निदानासाठी वापरू नये असेच तज्ज्ञांचे मत आहे. १९८३ च्या सुमारास पोलंडच्या चोर्झेल्स्की यांनी दाखवले, की या रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे शरीरातीलच स्नायुतंतूंभोवतीच्या नाजूक आवरणाला चिकटतात. ही एंडोमायसियल परीक्षा फार विश्वासू निघाली. माकडाच्या अन्ननलिकेच्या कापावर रोग्याचा रक्तद्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी जाळी उजळते का ते पाहायचे, अशी तिची रीत होती. तिला अनुभवी डोळा लागे, आणि तसा डोळा प्रत्येक गावी नसतो.

ही प्रतिपिंडे नेमकी कोणाच्या विरुद्ध आहेत, हे कोडे १९९७ साली बर्लिनमध्ये सुटले. डीटरिख, शुपान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पदार्थ ओळखला : टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीरातले विकर. एरव्ही जखमा भरून काढण्याच्या कामी येणारे हे विकर ग्लुटेनच्या तुकड्यांत थोडा रासायनिक बदल घडवते. बदललेला तुकडा विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या माणसाच्या संरक्षक पेशींना अधिकच शत्रुवत वाटतो. आणि त्या गदारोळात शरीर आपल्या विकरावरही उलटते. परक्यावर उगारलेली काठी घरच्याच माणसाला लागावी, तसा हा प्रकार. विकर सापडल्यामुळे परीक्षा यंत्रावर करता येऊ लागली. डोळ्याऐवजी आकडा आला आणि तो अंबत्तूरच्या कागदापर्यंत पोहोचला.

आता तो आकडा वाचायचा कसा? पहिली गोष्ट ही, की रोगी गहू खात असतानाच ही साक्ष खरी असते. पोळी बंद करून काही महिने लोटले की प्रतिपिंडे ओसरत जातात आणि कागद निर्दोष दिसू लागतो. शंका येताच घरच्या घरी गहू सोडून मग रक्त देणारा माणूस स्वतःच पुरावा पुसून टाकतो. दुसरी गोष्ट, ही परीक्षा आय.जी.ए. या वर्गाच्या प्रतिपिंडांवर उभी आहे. काही माणसांत हा वर्ग जन्मतःच जवळजवळ नसतो आणि सीलिअ‍ॅकच्या रोग्यांत अशांचे प्रमाण शेकडा दोन-तीनपर्यंत भरते. त्यांचा आकडा रोग असूनही शून्याजवळ राहील. म्हणून एकूण आय.जी.ए. किती आहे हेही सोबत पाहावे लागते. ते नसल्यास आय.जी.जी. वर्गाच्या परीक्षांकडे वळावे लागते. मुका साक्षीदार गप्प बसला म्हणून आरोप खोटा ठरत नाही.

तिसरी गोष्ट मोजमापाची. निरनिराळ्या कंपन्यांच्या परीक्षासंचांचे एकक निरनिराळे असते. एका प्रयोगशाळेतला ४० आणि दुसरीतला ४० यांची तुलना करता येत नाही. अर्थ असतो तो आकडा छापील मर्यादेच्या किती पट आहे याला. मर्यादेच्या थोडा वर गेलेला आकडा यकृताच्या रोगात, काही प्रकारच्या मधुमेहात, एखाद्या संसर्गातही येऊ शकतो. मर्यादेच्या दहापट किंवा अधिक आकडा ही निराळीच गोष्ट आहे. युरोपातील बालपचनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली असे ठरवले, की मुलाचा आकडा दहापट असेल, दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात एंडोमायसियल परीक्षाही होकार देत असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील, तर आतड्याचा तुकडा काढल्यावाचूनही निदान करता येईल. २०२० साली तिने हा मार्ग आणखी सुटसुटीत केला. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी आतड्याच्या नमुन्याची जोड घेतली जाते. चौथी परीक्षा आनुवंशिकतेची. डीक्यू २ आणि डीक्यू ८ या दोन्ही खुणा नसतील तर हा रोग जवळजवळ नाहीच असे म्हणता येते. त्या असल्या म्हणून मात्र रोग आहे असे होत नाही. त्या बाळगणाऱ्यांपैकी थोड्यांनाच तो जडतो.

येथवरचे नियम लंडन, दिल्ली, अंबत्तूर सर्वत्र सारखेच. यापुढे स्थळाचा प्रश्न येतो, आणि तो भारताच्या अभ्यासाने फार सुंदर रीतीने पुढे आला. उत्तर भारतातील मुलांत सीलिअ‍ॅक असल्याचे वालिया व त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रिकेत नोंदवले. तोवर हा गोऱ्या लोकांचाच रोग अशी समजूत होती. २०११ साली गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरातील पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे शंभरात एकाला हा रोग असल्याचे दिसले. मग २०१६ साली बी. एस. रामकृष्ण व इतरांनी देशाच्या तीन भागांतील २३ हजारांवर प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. रोगाचे प्रमाण उत्तरेत हजारी ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत अवघे ०.११ आढळले. आनुवंशिक खुणा मात्र तिन्ही भागांत जवळजवळ सारख्याच, शेकडा ३१ ते ३८ माणसांत होत्या. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. गव्हाच्या मापाने सर्व काही उलगडते असे नाही, कारण ईशान्येत गहू थोडा असूनही रोग दक्षिणेपेक्षा पुष्कळच अधिक आहे. पण दारूगोळा घरोघर असला तरी ठिणगीवाचून स्फोट होत नाही, एवढे यातून दिसते.

आता या आकड्यांचा कागदावरच्या निकालाशी संबंध कसा पोहोचतो ते पाहावे. केवळ समजुतीसाठी अशी एक उत्तम परीक्षा कल्पावी, जी शंभर रोग्यांपैकी ९५ ओळखते आणि हजार निरोग्यांपैकी फक्त एकालाच चुकून रोगी म्हणते. उत्तरेतील दहा हजार माणसांत साधारण ८५ रोगी असतील. परीक्षा त्यांतले ८१ ओळखील आणि सुमारे १० निरोग्यांना चुकून धरील. तिथे होकार आलेल्या दहांतले जवळजवळ नऊ खरे रोगी. दक्षिणेतील दहा हजारांत रोगी असेल एखादाच. चुकून धरलेले मात्र तसेच १०. येथे होकार आलेल्या अकरा जणांत खरा रोगी एक. परीक्षा तीच, यंत्र तेच, आकडाही तोच. पण ज्या लोकांत ती केली त्यांच्यानुसार तिच्या शब्दाचे वजन पालटले. ही गोष्ट गणिताची असली तरी तिच्यावर माणसाचे आयुष्य टांगलेले असते. कारण या रोगावर आजवर एकच उपाय सिद्ध झाला आहे : ग्लुटेनचा जन्मभर त्याग. तो उपाय चुकीच्या माणसावर लादला, तर त्याला लग्नाच्या पंगतीपासून कारखान्याच्या उपाहारगृहापर्यंत सर्वत्र परका करून टाकले जाते. आणि खऱ्या रोग्याला तो मिळाला नाही, तर त्याची हाडे ठिसूळ होतात, मूल खुजे राहते, रक्त चढत नाही.

वरचा हिशेब सरसकट सर्वांची परीक्षा केली तर लागू पडतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आरोग्यतपासणीच्या मोठ्या यादीत ही परीक्षाही उरकून घेतली आणि निर्व्याधी तमिळ गृहस्थाचा आकडा मर्यादेच्या किंचित वर आला, तर घाबरून जाण्याचे कारण थोडे आणि पुन्हा तपासण्याचे कारण मोठे. परंतु ज्याचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले आहे, ज्याच्या भावाला हा रोग आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्याबाबत शंका आधीच बळकट असते आणि होकाराचे वजन वाढते. अंबत्तूरचा विशेष येथेच आहे. एकाच प्रयोगशाळेच्या बाकावर भातावर वाढलेला तमिळ कामगार आणि रोटीवर वाढलेला उत्तरेकडचा कामगार शेजारी शेजारी बसतात. दोघांच्या कागदावरचा आकडा सारखा आला, तरी त्याचा अर्थ सारखा असेलच असे नाही. दक्षिणेत हा रोग नसतोच, असे म्हणून दुसऱ्याला परत पाठवणे ही मोठी चूक ठरेल.

शिवाय ताटेही बदलत आहेत. मधुमेह झाला की भात कमी करून चपाती खा, असा सल्ला दक्षिणेत सर्रास दिला जातो. मैद्याचा परोटा, रव्याचा उपमा, शेवया आणि बिस्किटे घरोघर पोहोचली आहेत. वर्षांनंतरची पाहणी काय सांगेल हे आज कोणी सांगू नये. महाराष्ट्रालाही यात विचार करण्याजोगे आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर पोसलेल्या या प्रदेशात एका पिढीपूर्वी पोळी ही सणावारी होणारी वस्तू असलेली घरे पुष्कळ होती. आज ती रोजची झाली आहे. ज्याला खरोखरच गहू वर्ज्य करावा लागतो, त्या मराठी माणसाला आपल्या आजीच्या चुलीकडे परत वळता येते, ही त्यातली जमेची बाजू. तरी सावधगिरी हवीच. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि तांदळाच्या इडलीबरोबरचे सांबारही त्यामुळे संशयास्पद ठरू शकते. ज्या गिरणीत आधी गहू दळला तिच्यात ज्वारी दळून आणली, तर कष्ट वाया जातात.

तेव्हा तो कागद हाती आला की काही साधे प्रश्न क्रमाने विचारावेत. रक्त दिले तेव्हा गहू खाण्यात होता का? एकूण आय.जी.ए. पाहिले का? आकडा मर्यादेच्या किती पट आहे? दुसऱ्या परीक्षेने दुजोरा दिला का? माणूस कोठचा, काय खाऊन वाढला, घरात आणखी कोणाला हा रोग आहे का? आणि या सर्वांची उत्तरे हाती येईपर्यंत पोळी बंद करू नये, कारण ती बंद केली की पुढचा तपास अवघड होतो. सॅम्युअल जींपासून आजवर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आणि शेकडो माणसांच्या चिकाटीतून एका थेंबाला बोलते करण्याची विद्या साधली. रक्त साक्ष देते, ती बहुधा खरी देते. पण निवाडा करण्याचे काम अजूनही रोग्याची सारी हकीकत ऐकून घेणाऱ्या माणसाचेच आहे.